इंद्रभान उतरला की गाडी निघते

शेलूबाजारच्या जीपस्टँडवर वेळापत्रक नाही, पाटी नाही, भोंगा नाही. तिथं इंद्रभान आहे.

काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे साऱ्यांना माहीत असतं. पण रिकाम्या जीपमध्ये पहिलं कोणी बसायचं, इथं घोडं पेंड खातं. रिकामी गाडी पाहिली की माणूस म्हणतो, ही काही लवकर निघत नाही बुवा. असं म्हणून जो तो टपरीकडे वळला की ती खरंच निघत नाही. यावर ड्रायव्हर लोकांनी जो इलाज काढला त्याचं नाव इंद्रभान पडघान. तो पहिला बसायचा. खिडकीजवळ, मांडीवर पिशवी घेऊन, गाडी चुकता चुकता सापडल्यासारखा धापा टाकत. त्याला पाहून दुसरा बसायचा, दुसऱ्याला पाहून तिसरा. गाडी गच्च झाली की ड्रायव्हर इंजिन चालू करायचा आणि त्या आवाजासरशी इंद्रभान पिशवी उचलून गुपचूप खाली उतरायचा. त्याच्या जागेवर शेवटचं खरं गिऱ्हाईक चढायचं आणि इंद्रभान मागच्या रिकाम्या जीपमध्ये जाऊन पुन्हा धापा टाकायला लागायचा. ड्रायव्हर लोक याला 'भरतीवर बसणं' म्हणत. सोयाबीन-तुरीच्या दिवसांत इंद्रभान मजुरीला जाई. बाकीचं वर्ष तो भरतीवर बसे.

हसू नका. बसायलाही अक्कल लागते. नुसता बसलेला माणूस वेगळा आणि जायला निघालेला माणूस वेगळा. इंद्रभानच्या चेहऱ्यावर कायम घाई असायची. दर थोड्या वेळानं तो खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "अबे, काढतं का नाही गाडी? तथी मुर्दा वाट पाहून राह्यला ना!" या एका मुर्द्यापायी त्यानं वाशिमला आत्या मारली, साडू मारले, एक मामा तर दर उन्हाळ्यात मारला. तो मामा कामरगावात चांगला धडधाकट होता. एकदा योगायोगानं तोच जीपमध्ये शेजारी येऊन बसला आणि आपली मयत किती वाजता आहे ते त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं. लेकीचं नाव मात्र इंद्रभाननं या खोट्यात कधी ओढलं नाही. मंजुषाच्या बाबतीत त्याची जीभच उचलत नसे.

परगावचे लोक फसत. शेलूबाजारचे लोक काही दूधखुळे नव्हते. त्यांनी उलटा हिशेब बसवला होता. ते समोर बदरुद्दीनच्या हॉटेलात चहा पीत बसत आणि नजर इंद्रभानवर ठेवत. इंद्रभान बसलेला आहे तोवर गाडी निघत नाही. इंद्रभान उतरला की निघते. तो उतरला रे उतरला की अर्धं हॉटेल रस्ता ओलांडून धावे. बाया माहेरी फोन करून सांगत, "इंद्रभान उतरला व माय, आता निंगतोच आमी." एसटीच्या वेळापत्रकावर कोणी इतका भरवसा टाकला नसेल.

असा हा माणूस वीसेक वर्षं रोज वाशिमच्या गाडीत बसला आणि वाशिमला काही पोचला नाही. लग्नकार्य, दवाखाना असं काही निघालं तर एसटीनं जाऊन यायचा, तेवढंच.

त्या वर्षी हिवाळ्यात एक शनिवार-रविवार असा आला की वाशिमला काय नव्हतं ते विचारा. कृषी प्रदर्शन होतं. वधू-वर परिचय मेळावा होता. रोजगार मेळावा होता. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता, त्यानिमित्त रक्तदान, चष्मेवाटप आणि मोटरसायकलींची फेरी होती. आणि मोठ्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचे सामने होते. वर्षभर वाशिममध्ये काही घडत नाही म्हणून लोक ओरडतात, आणि घडायचं ठरलं तर साऱ्यांना तोच एक रविवार सापडतो. जिल्ह्यातला निम्मा माणूस त्या दिवशी वाशिमला निघाला होता.

कबड्डीच्या फायनलमध्ये इंद्रभानची मंजुषा खेळणार होती. ती वाशिमला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकली होती. पुढच्या महिन्यात तिची नोकरी सुरू होणार होती, तीही पार नाशिकला. म्हणजे हा तिचा शेवटचा सामना. शुक्रवारी तिचा फोन आला.

"बाबा, शाळेपासून खेळून राह्यली मी. तुमी एक मॅच पाह्यली नाही. रोज वाशिमच्या गाडीत बसता ना? एक दिवस वाशिमले येऊन दाखवा."

यावर इंद्रभान नुसता "हो, हो" करत राहिला. फोन ठेवल्यावर त्याला जेवण गोड लागलं नाही. पोरगी बरोबर बोलली होती आणि बरोबर बोललेलं फार लागतं.

लिलाबाई शनिवारीच लेकीकडे गेली. जाताना नवऱ्याला बजावून गेली, "उद्या गाडीत बसान तं उतरू नोका."

रविवारी सकाळी इंद्रभाननं लग्नाकार्यातला पांढरा सदरा घातला, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि स्टँडवर आला. सामना दुपारी होता. वेळ भरपूर होता. शिवाय एवढ्या गर्दीत भरतीला कोण विचारतं? जीपा उभ्या राहायच्या आधीच भरत होत्या, लोक खिडकीतून पोरं आत टाकत होते. कारंजाकडून येणारी एसटी तर थांबलीच नाही. ड्रायव्हरनं हात जोडले आणि तसाच पुढे गेला.

इंद्रभान पहिल्या जीपमध्ये घुसला. खिडकीची जागा मिळाली. गाडी भरली. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि इंद्रभान खाली उभा होता. आपण कधी उतरलो, हे त्याला कळलंच नाही. पायांनी त्याला विचारलंच नव्हतं. वर पाहतो तो त्याच्या जागेवर दोघं बसलेले.

"शाब्बास! टायमावर उतरले," ड्रायव्हर म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या जीपमध्ये तो मधल्या बाकावर, दोन जाड माणसांच्या मधे बसला आणि दोन्ही पाय कुणाच्या तरी तुरीच्या पोत्याखाली दाबून ठेवले. इंजिन सुरू झालं. पाय वळवळले, पण पोतं भारी होतं. त्यानं डोळे घट्ट मिटले. गाडी हलली. खरोखर हलली! वीस वर्षांत पहिल्यांदाच बुडाखालची जीप पुढे सरकत होती.

इतक्यात बदरुद्दीनच्या हॉटेलातून आरोळी उठली, "थांबवा! अबे थांबवा! इंद्रभान अंदर राह्यला!"

आरोळी सेवालालची होती. सेवालाल बकऱ्यांचा व्यापारी, मनानं अगदी सोनं. तो हातातला कप टाकून धावला आणि जीपच्या बोनेटवर दोन्ही हात आपटून त्यानं गाडी अडवली. मागून आणखी चारपाच जण आले. त्यांनी पोतं बाजूला केलं आणि इंद्रभानला काखेत हात घालून लहान लेकरासारखं बाहेर काढलं. "डोया लागला असन बिचाऱ्याचा," एक जण म्हणाला. "वाशिमले गेला असता ना आता!"

"सोडा मले!" इंद्रभान ओरडला. "मले जायचंच हाय! माह्या पोरीची मॅच हाय!"

सेवालालनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा! मुर्दा सोडून मॅच काढली! हे नवीन हाय. चालते हे, लय चालते." आणि जीपमध्ये एक जागा आता रिकामीच झाली होती म्हणून सेवालाल तिच्यात बसून वाशिमला निघून गेला.

इंद्रभान रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि सेवालालचा गळाही धरावासा वाटत होता. इतक्या वर्षांत तो मामाला मारत आला तेव्हा परगावच्यांनी मान डोलावून विश्वास ठेवला. आज एकदा खरं बोलला तर टाळी मिळाली. पण बोलायचं कुणाला? हे बी त्यानंच पेरलं होतं.

ऊन वर आलं तेव्हा तौसीफची जीप लागली. तौसीफ तरणा ड्रायव्हर. त्याच्या बापाच्या गाडीतही इंद्रभान भरतीवर बसलेला.

"काका, आज भरतीचं काय काम? गर्दी पाहा ना."

"भरतीले नाही बसून राह्यलो. पॅसेंजर म्हून बसून राह्यलो. मंजूची शेवटची मॅच हाय, तौसीफ."

तौसीफ हसणार होता. पण मंजूचं नाव ऐकून थबकला. काकाच्या सगळ्या थापा त्याला पाठ होत्या, त्यांत हे नाव कधी आलं नव्हतं. "बसा," एवढंच तो म्हणाला.

या वेळी इंद्रभाननं पायांवर विश्वास टाकला नाही. दुपट्टा कमरेभोवती घेऊन त्यानं स्वतःला जीपच्या दांडीला बांधून घेतलं आणि वर निरगाठ मारली. गाडी पाहता पाहता भरली. मागे लटकायलाही जागा उरली नाही. तौसीफनं इंजिन चालू केलं. मग गाडीतले सगळे इंद्रभानकडे पाहू लागले. इंद्रभान समोर पाहू लागला.

"हा काहून उतरून नाही राह्यला?" मागून कुणीतरी विचारलं.

"गाडी निंगत नसन."

"पन इंजिन तं चालू हाय."

"इंजिनाचं काय घेऊन बसले? इंद्रभान बसेल हाय ना!"

हे एकदम पटण्यासारखं होतं. चंपाबाई नावाची एक बाई आधी उतरली. तिला रोजगार मेळाव्यात सून दाखवायची होती, म्हणजे नोकरीसाठी. सून मागोमाग उतरली. मग एकेक करत सगळेच उतरले. छतावरचेही उतरले. तौसीफ मधे उभा राहून हात पसरत होता, "अरे निघून राह्यली गाडी! अल्ला कसम, निघूनच राह्यली!"

"तू तं रोजच म्हनतं," चंपाबाई म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी, मागची जीप मुंग्या लागल्यासारखी माणसांनी भरलेली असताना, तौसीफच्या जीपमध्ये दांडीला बांधलेला एक म्हातारा तेवढा उरला. इंद्रभान गाठीला हात घालत म्हणाला, "उतरतो बापा मी. तुहा धंदा कायले बुडवू?"

"हात नोका लावू गाठीले!" तौसीफ भडकला. त्याला काकाची दया आली असं कुणी समजू नये. त्याचा अपमान झाला होता. "माह्या गाडीवर भरोसा नाही म्हंजे काय? आत्ता दाखवतो निघते का नाही निघत!" आणि त्यानं रिकामी जीप अशी हाणली की बदरुद्दीनच्या हॉटेलातल्या लोकांनी तोंडावर रुमाल धरले.

आता रस्त्यानं तरी गिऱ्हाईक मिळेल ही तौसीफची आशा. फाट्याफाट्यावर लोक हात दाखवत उभे होते. पण पहिल्या दोन-तीन फाट्यांवरचे सगळे शेलूच्या बाजाराला येणारे, इंद्रभानला नावानिशी ओळखणारे. ते दारापर्यंत येत, आत पाहत आणि टाकलेलं पाऊल मागे घेत. एका फाट्यावर गोमतीबाई म्हातारी होती. तिनं आत डोकावलं, इंद्रभानला नीट निरखलं आणि नातसुनेला म्हणाली, "यात नोको बसू व. हे गाडी निंगत नाही."

"आजी!" तौसीफचा आवाज चिरकला. "शेलूवरून आली ना गाडी इथपर्यंत! चालत आली!"

"आली असन," म्हातारी म्हणाली. "आता नाही निंगत."

आणि तौसीफ तिच्याशी वाद घालत उभा राहिला तोवर गाडी खरंच निघाली नाही. म्हातारीनं नातसुनेकडे पाहून मान हलवली, पाह्यलं का, अशी.

पुढच्या फाट्यांवर इंद्रभानला कोणी ओळखत नव्हतं, पण दांडीला बांधलेला माणूस पाहून तिथंही कोणी चढलं नाही. वाशिमच्या बाहेर पोलिसांनी दोर बांधला होता. आत मोटरसायकलींची फेरी, बाहेर जिल्हाभरच्या जीपा. गाडी पुढे जाणं शक्य नव्हतं. इंद्रभानची गाठ अशी बसली होती की सोडायला तौसीफ आणि एक पोलीस असे दोघं लागले. सुटल्यावर तौसीफ म्हणाला, "पया आता, काका. नाही तं माही फजिती फुकट जाईन."

इंद्रभान पळाला. या वयात जसं पळता येतं तसं. फेरीतून वाट काढली, रक्तदानवाल्यांनी दंड धरला तो सोडवला, वधू-वरवाल्यांनी "वराचे वडील का?" म्हणून कागदी फूल खोचलं ते तसंच राहू दिलं. कृषी प्रदर्शनाच्या मांडवाजवळून जाताना एका कार्यकर्त्यानं मात्र त्याला पुरतं पकडलं. आत उद्घाटन खोळंबलं होतं. पाहुणे गर्दीत अडकले होते, पुढची सगळी रांग रिकामी आणि रिकामी रांग पाहून कुणी पुढे येत नव्हतं.

"काका, जरा पुढं बसा. पाहुणे येईपर्यंत फक्त."

आणि इंद्रभान बसला! दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. खुर्चीला गादी होती, वर पंखा होता, हातात पाण्याची बाटली आली. त्यानं सवयीनं मांडीवरची नसलेली पिशवी सारखी केली, घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिलं आणि घाईचा चेहरा केला. तो इतका अस्सल होता की मागचे लोक उठून पुढे येऊ लागले. एक आला, दुसरा आला, रांग भरू लागली. कार्यकर्ता खूश झाला. म्हणाला, "असा माणूस पाहिजे आमच्या सगळ्या कार्यक्रमांना."

तेवढ्यात दुरून मैदानावरचा भोंगा ऐकू आला. कुणीतरी ओरडून सांगत होतं की शेवटची काही मिनिटं राहिली आहेत आणि एका गुणाचा फरक आहे.

इंद्रभान उठला. रांग अजून अर्धीही भरली नव्हती.

"काका, पाहुणे यायचे आहेत ना!"

"त्याईले सांगा, इंद्रभान गेला," तो म्हणाला आणि पळत सुटला.

मैदानाच्या दोरीपाशी लिलाबाई उभी होती. नवरा समोर पाहून तिनं आधी त्याच्या मागे पाहिलं, याला कोणी आणून सोडलं की काय म्हणून. "आले तुमी?" ती म्हणाली. "अन् हे फूल कायचं?"

पण इंद्रभानचं लक्ष मैदानाकडे होतं. मंजुषा खेळत नव्हती. रेषेबाहेर, मातीत, गुडघ्यांना मिठी मारून बसली होती.

"हे काहून बसली?"

"बाद झाली. सुरवातीलेच झाली होती, मंग उठली, आता पुन्हा झाली. आपल्यातल्या कोनी पॉइंट आनला का मंग उठवतात."

इंद्रभानला कबड्डीतलं काही कळत नव्हतं. पण दुसरे खेळत असताना कडेला बसून राहायचं म्हणजे काय, ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? पोरीनं तरी असं बसू नये, असं त्याला फार वाटलं.

मग तिच्या बाजूच्या एका पोरीनं पलीकडची एक बाद केली, पंचानं हात केला आणि मंजुषा उठली. पण पलीकडच्यांनीही लगेच एक गुण काढला. पुन्हा मंजुषाच्या बाजूला एकच गुण कमी. शेवटची चढाई मंजुषाकडे आली. मध्यरेषेकडे जाताना तिची नजर दोरीकडे गेली आणि तिचं पाऊल एक क्षण अडखळलं. तिनं बाप पाहिला होता. कागदी फूल लावलेला, घामानं निथळणारा.

ती गेली. पलीकडे साखळी धरून सगळ्या तिची वाट पाहत होत्या. ती डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पाय टाकला, हात टाकला. एकदा तर दोघींनी तिला जवळजवळ धरलंच होतं. ती निसटली, दम संपायच्या आत मागे फिरली आणि रेषा ओलांडून परत आली. शिट्टी झाली.

या बाजूला एकटा इंद्रभान दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता.

लिलाबाईनं त्याची बाही ओढली. "हारल्या त्या! टाया काहून वाजवता?"

मंजुषा सरळ दोरीपाशी आली. तोंड मातीनं माखलेलं, डोळे भरलेले.

"हारलो बाबा आमी."

"तू तं गेली अन् वापस आली."

"खाली हात आली. कोनाले बोटही नाही लागलं."

"आली ना पन!" इंद्रभान म्हणाला. "एवढ्या साऱ्या जनी धराले टपल्या होत्या, तरी आली ना!"

मंजुषाला हसू आलं. मग बापानं विचारलं, "पहिले बाद कशी झाली व तू? तुही माय सांगे, सुरवातीलेच झाली."

ती खाली पाहू लागली. उत्तर लिलाबाईनं दिलं. "कशी होईन? गेटाकडं पाहून राह्यली होती. मागून आल्या अन् धरलं तिले."

सकाळपासूनची ती प्रत्येक जीप, तो सेवालाल, ती गादीची खुर्ची, सगळं मिळून तो एक गुण झाला होता आणि तो पोरीच्या नावावर गेला होता. इंद्रभान दोरीला धरून तसाच उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मंजुषानं त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून आधी स्वतःचं तोंड पुसलं, मग बापाचं पुसलं.

"आले ना पन तुमी," ती म्हणाली.

बक्षिसं द्यायचे पाहुणेही गर्दीत अडकले होते. ते फार उशिरा आले. तोवर बापलेक मैदानाच्या कडेला मातीत शेजारी शेजारी बसून राहिले, आणि इंद्रभाननं उठायचं नाव काढलं नाही.